पहिल्या दहा टक्क्यांत नसलेली नायिका

प्रस्तुत प्रकरण मी स्वतःच प्रकाशित केलेल्या माझ्या कादंबरीचे आहे. ती अद्भुतरम्य, म्हणजे ज्याला आपण सर्रास फॅन्टसी म्हणतो त्या प्रकारातली, तीन खंडांत योजलेल्या कथेचा पहिला खंड, सुमारे २,१२,००० शब्दांची, आणि पहिल्या ओळीपासून मलपृष्ठापर्यंतचे सगळे निर्णय मी एकटीने घेतलेली अशी आहे. ती प्रसिद्ध झाल्यानंतरच्या आठ महिन्यांत काय चुकले, ते मला कसे कळले आणि दुरुस्तीची किंमत कोणाला मोजावी लागली, एवढाच या लेखाचा विषय आहे. खपाचे आकडे मी मुद्दाम देत नाही. एका पुस्तकाच्या खपावरून दुसऱ्या पुस्तकाबद्दल काहीही सांगता येत नाही, पण दोष कुठे होता हे मात्र नेमके सांगता येते.

कथानकाचा गाभा थोडक्यात असा. एका उंच खिंडीत पिढ्यान् पिढ्या एक दिवा तेवत ठेवलेला आहे. तो कशासाठी, हे आता कोणालाच आठवत नाही. तो राखणाऱ्या कुटुंबातली सतरा वर्षांची मुलगी ही कादंबरीची नायिका. मलपृष्ठावरचा मजकूर तिच्याबद्दल आहे, मुखपृष्ठावर तिची पाठमोरी आकृती आहे आणि ज्या वाचकांना पुस्तक आवडले त्यांना ते तिच्यामुळेच आवडले. ती पुस्तकात पहिल्यांदा येते ती दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या वाक्यात. लिहिताना मला यात काहीच वावगे वाटले नव्हते.

तिच्याआधी पुस्तकात काय होते ते सांगणे भाग आहे. सुरुवातीला नकाशा, मग चार घराण्यांच्या वंशावळी, नावांच्या उच्चारांची सूची आणि त्या जगातल्या कालगणनेचे टिपण, असे मिळून ३,१०० शब्द. त्यानंतर तीनशे वर्षांपूर्वीच्या वेढ्याचा पूर्वरंग, ११,४०० शब्दांचा. त्यानंतरचे पहिले प्रकरण ८,२०० शब्दांचे, आणि तेही राजधानीतल्या एका वृद्ध सेनापतीच्या नजरेतून. ही बेरीज २२,७०० होते. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढची सगळी हकिकत त्याच्याभोवती फिरते.

एकटीने घेतलेले निर्णय

ॲमेझॉनने २००७ साली किंडल हे ई-पुस्तके वाचण्याचे यंत्र आणि त्याबरोबरच लेखकांना थेट पुस्तक प्रसिद्ध करता येईल अशी व्यवस्था सुरू केली. मागणीनुसार छपाईमुळे छापील प्रतींचा साठा घरात करून ठेवण्याची गरज उरली नाही. याआधीही लोक स्वतःची पुस्तके काढत होतेच. ख्रिस्टोफर पाओलिनी यांची पहिली फॅन्टसी कादंबरी २००२ मध्ये त्यांच्या कुटुंबानेच छापली, आणि ती विकण्यासाठी ते मध्ययुगीन पोशाख घालून शाळा-ग्रंथालयांत कार्यक्रम करत हिंडले. मग २००३ मध्ये मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती नव्याने काढली. हे उदाहरण स्वयंप्रकाशित लेखकांना वारंवार ऐकवले जाते, पण त्यातली एक बाब सहसा सुटते. समोर उभ्या असलेल्या वाचकाला लेखक आपल्या कथेबद्दल तोंडी सांगत होता. पुस्तक उघडण्यापूर्वीच नायक कोण आणि गोष्ट कशाची, हे वाचकाच्या मनात उतरलेले असे. माझ्या पुस्तकाला असा बोलणारा माणूस नव्हता. जे काही बोलायचे ते पहिल्या पानांनीच बोलायचे होते.

पारंपरिक प्रकाशनात संहिता कोणाच्या तरी टेबलावर पडते आणि त्या व्यक्तीला नाही म्हणण्याचा अधिकार असतो. हा नकार लेखकाला जिव्हारी लागतो हे खरे, परंतु तो पुस्तकाचे बरेच काम करून जातो. स्वयंप्रकाशनात नाही म्हणणारे कोणीच नसते, म्हणून ते स्वतः शोधून, मानधन देऊन आणावे लागते. संपादनाचे मानधन बहुधा शब्दसंख्येवर ठरते, आणि फॅन्टसी कादंबरी तर पुष्कळदा इतर कादंबऱ्यांहून बरीच लांब असते. माझ्याजवळच्या पैशांत एकच काम बसत होते: एक तर कथेची रचना तपासून घेणे किंवा भाषा आणि मुद्रितशोधन करून घेणे. मी भाषा निवडली. छपाईच्या चुका उघड दिसतात, वाचक त्यांवर हसतात आणि स्वयंप्रकाशित पुस्तक म्हणजे गचाळ पुस्तक हा समज त्यांनीच पक्का होतो, अशी भीती त्या निवडीमागे होती. ती भीती निराधार नव्हती. भाषासंपादकाने अतिशय निगुतीने काम केले, सगळ्या विशेषनामांची एकसारखी यादी करून दिली, आणि दोन नद्यांची नावे चाळीस प्रकरणांत तीन तऱ्हांनी लिहिली गेली होती तीही पकडली. मात्र पूर्वरंग मुळात असावा की नसावा, हा प्रश्न त्याला विचारलेलाच नव्हता.

पाच बीटा वाचकांनीही, म्हणजे प्रसिद्धीपूर्वी वाचून मत देणाऱ्यांनी, संहिता वाचली होती. त्यांपैकी एकीने समासात लिहिले होते, "सुरुवात जरा सावकाश आहे, पण पुढे पकडते." मी त्या वाक्याचा उत्तरार्धच वाचला. नंतर विचार केल्यावर लक्षात आले की दोष त्या पाच जणांचा नव्हताच. बीटा वाचक पुस्तक पूर्ण वाचण्याचे कबूल करूनच बसलेला असतो. पुढे वाचावे की मिटून ठेवावे, पैसे द्यावेत की नाही, हा निर्णय त्याच्यापुढे कधी येतच नाही. त्यामुळे अनोळखी वाचक जिथे थांबतो ती जागा बीटा वाचकाला दिसूच शकत नाही.

चार महिने चुकीच्या जागी शोध

पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत ओळखीच्या लोकांनी ते घेतले आणि मग शांतता पसरली. जाहिरातीच्या अहवालात टिचक्या (क्लिक) दिसत होत्या; लोक पुस्तकाच्या पानापर्यंत येत होते, पण घेत नव्हते. मुखपृष्ठ पाहून आले आणि वर्णन वाचून परत गेले, असा अर्थ मी लावला. मग वर्णन तीनदा बदलले, वर्गवारी बदलली आणि अखेर मुखपृष्ठही नवे करून घेतले. यात चार महिने गेले आणि फरक जवळजवळ पडला नाही. या टप्प्यावर जास्त बोलण्यासारखे काही नाही. फक्त एवढे नोंदवते की लेखकाला मिळणाऱ्या अहवालात विक्री दिसते, वाचलेली पाने दिसतात, पण किती जणांनी पुस्तकाच्या सुरुवातीचा विनामूल्य नमुना उतरवून घेतला हे दिसत नाही. टिचकी आणि खरेदी यांच्यामध्ये एक संपूर्ण खोली आहे आणि तिला खिडकीच नाही.

खरा दुवा मिळाला तो वाचलेल्या पानांच्या नोंदीत. ई-पुस्तक मी ॲमेझॉनच्या ९० दिवसांच्या एकाधिकाराच्या योजनेत दिले होते, म्हणजे तेवढा काळ ते दुसरीकडे विकायचे नव्हते. त्या योजनेत सदस्य वाचक पुस्तक उसने घेतो आणि जुलै २०१५ पासून लेखकाला मोबदला मिळतो तो वाचल्या गेलेल्या पानांनुसार. ही पाने छापील पाने नव्हेत. अक्षराचा आकार कितीही असला तरी सारखीच राहतील अशी ती प्रमाणित पाने असतात. माझ्या कादंबरीची ती हजाराच्या थोडी वर भरत होती. इथे लांबलचक पुस्तक लिहिणाऱ्याचा फायदाच असतो, असे मी समजून चालले होते. नोंद वाचकागणिक मिळत नाही, फक्त दिवसागणिक एकूण आकडा मिळतो. पण माझ्याकडे वाचकच इतके थोडे होते की एकेका माणसाचा माग काढता येत होता. एका दिवशी ७१ पाने आणि पुढे आठवडाभर शून्य. मग ६८, पुन्हा शून्य. मग दोन दिवस मिळून ७४. एका रात्री मी पुस्तकाची फाइल उघडली आणि शब्द मोजत गेले. सत्तराव्या पानाच्या आसपास पूर्वरंग संपत होता. त्याच नोंदीत एक वेगळा मागही होता: कोणी तरी सहा दिवसांत, रोज दीडशे-दोनशे पाने वाचत, थेट शेवटापर्यंत पोहोचले होते. ज्यांना नायिका भेटली ते थांबत नव्हते. बाकीच्यांना ती भेटतच नव्हती.

तरीही मला पुरते पटले नव्हते, कारण पूर्वरंग हा मी त्या जगाबद्दल लिहिलेला सर्वांत पहिला मजकूर होता. सात वर्षांपूर्वी, अजून नायिकेचे नावही ठरलेले नसताना, एका बैठकीत उतरलेला. बाकी सगळे त्यातूनच उगवले होते. त्यामुळे पुस्तकाचे ते बीज आहे म्हणजेच ते पुस्तकाचे दार आहे, असा घोळ माझ्या मनात होता आणि तो घोळ आहे हेच मला कळत नव्हते.

तो सुटला एका मैत्रिणीशेजारी बसल्यावर. तिने पुस्तक वाचलेले नव्हते. मी तिला तिच्या वाचनयंत्रावर विनामूल्य नमुना उतरवून घ्यायला सांगितला आणि गप्प बसून राहिले. नमुना हा साधारणपणे पुस्तकाचा पहिला १० टक्के भाग असतो; माझ्या बाबतीत सुमारे २१,२०० शब्द. तिने नकाशा बोटांनी मोठा करून पाहिला, लहान केला, सोडून दिला. वंशावळींची पाने भराभर उलटली. उच्चारांच्या सूचीवर थोडी थबकली आणि मला विचारले, "हे सगळं लक्षात ठेवायचंय का गं?" मी नाही म्हटले. पूर्वरंग तिने मन लावून वाचला, मध्ये एकदा "बापरे" म्हणाली, त्या एका शब्दाने मला भरून आले. मग सेनापतीचे प्रकरण सुरू झाले आणि ते संपायला दीड हजार शब्द उरलेले असताना पडद्यावर खरेदीचे बटण आले. तिने यंत्र उलटे करून मांडीवर ठेवले आणि सरळपणे विचारले, "दिव्यावाली मुलगी कुठंय?"

२१,२०० आणि २२,७००. मलपृष्ठावर जिचे वचन दिले होते ती मुलगी नमुन्यात नव्हती. कोणत्याही वाचकाने कितीही आस्थेने नमुना वाचला असता तरी ती त्याला भेटणे शक्य नव्हते. इंग्रजीतील स्वयंप्रकाशित फॅन्टसी पुस्तकांसाठी लेखक मार्क लॉरेन्स यांनी २०१५ पासून सुरू केलेल्या स्पर्धेत ३०० पुस्तके समीक्षकांच्या दहा गटांत वाटली जातात आणि प्रत्येक गट आपल्या तीसांतून एकच अंतिम फेरीसाठी निवडतो. ज्यांना या प्रकाराबद्दल मनापासून प्रेम आहे अशा वाचकांपुढेही तीस पुस्तके असली की सुरुवातीच्या पानांवरच बरेच काही ठरते. पैसे मोजून वाचणाऱ्यापुढे तर तीस नव्हे, हजारो पुस्तके असतात.

नकाशा

याच तपासणीत नकाशाचेही दोष पुढे आले. फॅन्टसी वाचणाऱ्याला नकाशा प्रिय असतो आणि मलाही तो तितकाच प्रिय होता, म्हणून हे तपशिलाने लिहिते. छापील प्रतीत मी नकाशा समोरासमोरच्या दोन पानांवर पसरून दिला होता. ६ गुणिले ९ इंचाच्या आकारात पुस्तक ६४८ पानांचे झाले होते. ५०१ ते ७०० पानांच्या पुस्तकाला बांधणीकडचा समास किमान पाऊण इंच सोडावा लागतो, कारण पुस्तक जितके जाड तितके ते मध्ये कमी उघडते. मजकुरासाठी मी तो समास सोडला होता. चित्रासाठी सोडला नाही, कारण चित्र सलग दिसावे अशी माझी हौस होती. प्रत हातात आली तेव्हा डोंगररांग डावीकडून येऊन बांधणीत बुडत होती आणि उजवीकडे पुन्हा वर येत होती. मधल्या घळीत नेमकी ती खिंड गडप झाली होती, जिच्यात दिवा आहे, जिच्यावर कथा उभी आहे. पान दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरले तरच खिंडीच्या नावाचे पहिले आणि शेवटचे अक्षर दिसे.

ई-पुस्तकात दोष निराळा होता. चित्रकाराने राजमार्ग लाल आणि अरण्य हिरवे रंगवले होते. संगणकावर ते फार देखणे दिसत होते. वाचनयंत्राच्या राखाडी छटांच्या पडद्यावर तो लाल आणि तो हिरवा अगदी एकाच छटेचे झाले, आणि राजमार्ग अरण्यात शिरताच नाहीसा झाला. चित्रकाराला हे पुस्तक कोणत्या पडद्यांवर वाचले जाणार आहे ते सांगणे माझे काम होते आणि मी ते केले नव्हते. नव्या रचनेत एका मोठ्या नकाशाऐवजी तीन लहान नकाशे केले. प्रत्येक एकाच पानावर, कथा ज्या प्रदेशात शिरते तिथेच ठेवलेला, आणि रंगाऐवजी रेघांनी भेद दाखवलेला: मार्गाला तुटक रेघ, अरण्याला बारीक खुणा.

दुरुस्ती आणि तिचे ओझे

सुरुवात बदलणे ऐकायला सोपे वाटते. सूची आणि वंशावळी पुस्तकाच्या शेवटी नेल्या, नायिकेचे प्रकरण पहिले केले, सेनापतीचे तिसरे झाले. या वेळी मात्र मी रचनेच्या संपादनासाठी पैसे बाजूला काढले, आणि त्या संपादकाच्या सांगण्यावरून ठिकठिकाणचे आणखी सुमारे १४,००० शब्द गेले. पुस्तक १,८६,००० शब्दांवर आले, ५६८ पानांचे झाले. पिवळसर कागदाच्या एका पानाला ०.००२५ इंच धरले की पुस्तकाच्या कण्याची जाडी १.६२ इंचांवरून १.४२ इंचांवर उतरते. म्हणून मुखपृष्ठाची फाइलही पुन्हा मांडावी लागली, नाही तर कण्यावरचे शीर्षक घसरून पुढच्या बाजूला आले असते. छापील पुस्तकात पानागणिक खर्च लागतो, त्यामुळे कमी झालेली ऐंशी पाने तिथे लाभाची ठरली. वाचलेल्या पानांच्या मोबदल्यात मात्र तेवढीच पाने कमी झाली. एकच लांबी एका दारात ओझे आणि दुसऱ्या दारात मिळकत असते. दोन्ही दारे एकाच वेळी खूश करता येत नाहीत. मी वाचकाच्या बाजूने निर्णय घेतला आणि आज पुन्हा वेळ आली तरी तोच घेईन.

खरा पेच पूर्वरंगाचा होता. तो वाईट नव्हता. तो चुकीच्या जागी होता. वेढ्याच्या शेवटच्या रात्री पडलेल्या किल्ल्यातून एक सैनिक बाहेर येतो आणि हातातला दिवा एका अनोळखी मुलाच्या हातात देतो, हे त्यातले शेवटचे दृश्य. नायिकेला ओळखण्यापूर्वी ते वाचले तर ती एक लढाई असते. तिला ओळखल्यावर वाचले तर त्या मुलाचा चेहरा वाचक शोधू लागतो. म्हणून पूर्वरंग पहिल्या खंडातून पूर्ण काढला आणि दुसऱ्या खंडाच्या मध्यावर, जिथे नायिकेला आपल्या घराण्याचा उगम कळतो, तिथे नेला.

पण ज्यांनी जुनी आवृत्ती घेतली होती त्यांचे काय? हे वाचक थोडे होते आणि म्हणूनच मला फार मोलाचे होते. पुस्तक कोणी घेत नव्हते तेव्हा त्यांनी ते घेतले होते. ई-पुस्तकाची फाइल बदलली तरी आधी घेतलेल्याच्या यंत्रावरची प्रत आपोआप बदलेलच असे नाही आणि छापील प्रत तर बदलूच शकत नाही. म्हणजे दुसऱ्या खंडात त्यांना अकरा हजार शब्द पुन्हा वाचावे लागणार होते. दोन मार्ग सुचले. पूर्वरंग दुसऱ्या खंडात नव्याने, वेगळ्या पात्राच्या नजरेतून लिहावा. किंवा तोच ठेवून प्रामाणिकपणे सांगावे. मी पहिल्यावर तीन आठवडे काम केले. जे उतरले ते मूळ मजकुराच्या सावलीसारखे होते, म्हणून टाकून दिले. शेवटी मजकूर तसाच ठेवला. मजकुरात एवढा बदल झाल्यावर ती नवी आवृत्तीच ठरते, म्हणून छापील पुस्तकाला नवा १३ अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) घेतला आणि हक्कपृष्ठावर 'सुधारित दुसरी आवृत्ती' असे स्पष्ट छापले. दुसऱ्या खंडाच्या आरंभी चार ओळींचे निवेदन दिले: ज्यांच्याकडे पहिली आवृत्ती आहे त्यांनी हा भाग वाचलेला आहे, तो इथे का आला आहे, आणि त्यांना तो ओलांडून पुढच्या प्रकरणावर जाता येईल.

सुधारित आवृत्तीनंतर पानांच्या नोंदीतली ती सत्तराच्या आसपासची तुटकी रेघ दिसेनाशी झाली. वाचक अजूनही मध्येच थांबतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी थांबतात, एकाच उंबऱ्यावर नव्हे. टिचक्यांमागची खरेदी वाढली. तिला यश म्हणावे इतकी ती मोठी नाही. दुसरा खंड लिहून पुरा करण्याइतका धीर देण्यापुरती ती होती.

दुसरा खंड आल्यावर महिन्याभराने पहिल्या आवृत्तीच्या एका वाचकाचे पत्र आले. तुम्ही ओलांडायला सांगितलेला भाग मी ओलांडला नाही, असे त्यांनी लिहिले होते. पहिल्या वेळी दिवा घेणाऱ्या मुलाकडे त्यांचे लक्षच गेले नव्हते. या वेळी त्या मुलाने दिवा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि मोकळा हात ज्योतीपुढे धरला, तिथे ते थांबले, कारण नायिका पहिल्या खंडात ज्या पानावर पहिल्यांदा येते तिथे अगदी तसेच करते. हे साम्य मी जाणूनबुजून लिहिलेले नव्हते. सात वर्षांच्या अंतराने लिहिलेली ती दोन पाने मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा ते मला पहिल्यांदा दिसले.